बिनटिंबाचं नाव

गल्लीला माहीत असलेलं

हुनैदाच्या अंगणात खजुराच्या झावळ्यांचं छप्पर होतं, त्याखाली एक जाड लोकरी पडदा होता, आणि मदिनेत माणसांच्या दोनच तऱ्हा आहेत असं तिची नात जुमाना म्हणायची: पडद्याअलीकडची आणि पडद्यापलीकडची.

अलीकडे बायका बसत. त्यांच्यात चारपाच दाढीवाले तरुणही मांडी घालून बसलेले असत, आणि नवख्या माणसाला ते पाहून कसंसंच होई. बावीस वर्षांपूर्वी तापाच्या साथीत कितीतरी आया गेल्या होत्या, उरलेल्या अंथरुणाला खिळल्या होत्या. हुनैदाचा धाकटा वाकिद तेव्हा अंगावर पीत होता. तिनं त्याच्याबरोबर एकोणीस परकी लेकरं पाजली. दूध पाजलं की ती आई. आणि आईसमोर लेकानं कसला पडदा पाळायचा? एका आईचं दूध प्यायलेली सगळी एकमेकांची भावंडं. त्यांच्यात लग्न होत नाही. हे मदिनेत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पलीकडे बसत ते दुरून आलेले. कूफ्याचे, बसऱ्याचे, मिसरचे. हुनैदा साठीला टेकली होती. पोरवयात तिनं मशक खांद्याला लावून लढाईतल्या जखमींना पाणी पाजलं होतं, पैगंबरांच्या मशिदीत बायकांच्या रांगेत उभी राहिली होती, आणि जे पाहिलं ते तिला शब्दासकट आठवत होतं. कोणी काही विचारलं की ती तिनांतलं एक उत्तर देई. "पाहिलं." "ऐकलं," आणि मग कोणाकडून ते. नाहीतर "माहीत नाही."

"तुमचं 'माहीत नाही' ऐकायलासुद्धा लोक महिनाभर उंट हाकत येतात, वाकिदच्या आई," पलीकडून कोणी म्हणे.

"बरंय की. परतीच्या वाटेवर उंटाला ओझं कमी," ती अलीकडून म्हणे.

उबैदनं वाचलेलं

शुक्रवारी जुमानाचं लग्न होतं. जीनगर सालिमच्या धाकट्या मुलाशी, हब्बानशी. सोमवारी सकाळी, ऊन कोवळं असताना, उबैद चामड्याची गुंडाळी काखेत मारून आला. त्याचा बाप मोहल्ल्यातला लिहिणारा होता. साथ ओसरल्यावर हुनैदानं एकोणीस लेकरांची नावं त्याला सांगून लिहून घेतली होती. पुढे कोणा भावानं चुकून बहिणीशी लग्न लावू नये म्हणून. बाप गेला, गुंडाळी उबैदकडे आली, आणि गल्लीत लग्न ठरलं की तो ती वाचून दाखवी, खजूर खाई, घरी जाई. त्यापलीकडे त्या वाचण्याला काही अर्थ उरला नव्हता.

पडद्याअलीकडे हुनैदा, तिची मुलगी अरवा, जुमाना आणि शेजारच्या बायका. पलीकडे उबैद, नवऱ्या मुलाचा बाप सालिम, आणि कूफ्याहून आलेला दुकैन. दुकैन हुनैदाकडून चाळीस हकिकती घ्यायला आला होता. आजवर सत्तावीस झाल्या होत्या.

उबैदनं दहा नावं वाचली. अकराव्याला तो थांबला.

"वाच की रे," सालिम म्हणाला. "खजूर थांबलेत."

"हब्बान," उबैद म्हणाला. "जीनगर सालिमचा मुलगा."

मग शेजारची बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बाई! नवरा म्हणून आणायला गेले आणि मामा निघाला!"

हुनैदाचं दूध प्यायला असेल तर हब्बान अरवाचा भाऊ होतो. म्हणजे जुमानाचा मामाच.

"नीट वाच, गाढवा!" सालिम ओरडला.

"नीटच वाचतोय, काका. आजवर या नावाशी कोणाचं काम पडलं नव्हतं, मी पुटपुटून पुढे जायचो. हे बघा, अक्षर हे असं. खाली एक टिंब धरलं तर हब्बान. दोन धरली तर..." उबैद चाचरला. "तर हय्यान."

हय्यान सालिमचा थोरला. हब्बानहून जेमतेम वर्षानं मोठा. दोघेही भाऊ बापाबरोबर काफिल्यांत वाढले, या अंगणात त्यांचं येणं नव्हतं; थोरला विशीच्या आतच फौजेबरोबर पश्चिमेकडे गेला आणि तिकडेच मातीला मिळाला.

"मग टिंबं किती आहेत ते सांग ना!"

"एकही नाही."

"का नाही? तुझ्या बापाच्या शाईला दुष्काळ पडला होता?"

"काका, जाणत्या माणसासाठी लिहिताना टिंब देणं म्हणजे त्याला अडाणी म्हणणं. बाबांनी जन्मात कोणाचा अपमान केला नाही."

"मेल्यावर केला की!" सालिम म्हणाला. मग पडद्याकडे तोंड करून, आवाज उतरवून: "वाकिदच्या आई, मी तेव्हा काफिल्याबरोबर शाम मुलखात होतो. परत आलो तर पोरांची आई गेलेली. पोरं कोणाकोणाकडे होती, कोणाचं दूध प्यायली, मी पुरुषमाणूस काय विचारणार? लेकरं जगली एवढंच पाहिलं. तुम्हीच सांगा. तुमच्याकडे आला तो कोण? हा की तो?"

अलीकडच्या बायकांच्या माना हुनैदाकडे वळल्या. पलीकडे दुकैनचा बोरू थांबला.

हुनैदानं तिनांतला एकही शब्द उच्चारला नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.

हे कोणी पाहिलं नाही

तिला आठवत होतं. अडचण तीच होती.

सालिमच्या घरून एकच पोर आलं होतं आणि त्याला चार दात होते. दोन वर, दोन खाली. पहिल्याच दिवशी त्यानं असा कडकडून चावा घेतला की हुनैदा किंचाळली. शेजारीण धावत आली, पाहून हसत सुटली, म्हणाली, जीनगराचं पोर गं, चामडं दिसलं की आरी लावतं. आठ दिवस हुनैदा जखमेला तूप लावत होती. त्या डाव्या अंगावर बाकीच्या पोरांना घेता येत नव्हतं म्हणून उजवीकडचं दूध पुरेनासं झालं होतं, तेही तिला आठवत होतं. त्या घरचं दुसरं पोर तेव्हा दोन महिन्यांचं. ते कुब्याला आत्याकडे गेलं. दोन महिन्यांच्या पोराला दात नसतात. चावला तो हय्यान.

शेजारीण आता नव्हती. आत्याही नव्हती. पोरांची आई तर त्याच तापात गेलेली. दात फक्त हुनैदाच्या आठवणीत उरले होते.

आणि हुनैदा नवरीची आजी होती.

पंधरा वर्षांपूर्वी याच अंगणात तिची मैत्रीण लुबाबा एक हकिकत सांगून गेली होती: मरणाऱ्या चुलत्यानं मळ्यातल्या पाण्याची पाळी तिच्या मुलाला देऊ केली, हे आपण आपल्या कानांनी ऐकलं. दुसरा साक्षीदार नव्हता. हुनैदा चारचौघांत म्हणाली होती, "ज्याची भाकरी साक्षीच्या आचेवर भाजते, त्याची साक्ष घेऊ नये." तेव्हापासून तिनं लुबाबाचं नाव घेऊन एकही गोष्ट पुढे सांगितली नाही. तिनं सांगितली नाही म्हणून कोणीच सांगितली नाही. हुनैदाचं ते वाक्य मात्र बसऱ्यापर्यंत गेलं. तिकडचे काझी ते तोंडपाठ म्हणतात, असं लोक येऊन सांगत.

आता तिनं बाहेर जाऊन "हय्यान" म्हटलं तर दुकैनच काय, कोणीही विचारील: ही बाई नातीसाठी एक टिंब वाढवते, तर बाकीच्या हकिकतींत किती वाढवली असतील? पन्नास वर्षं जे जपलं ते एका शब्दात नासलं असतं. नुसतं तिचं नाव नव्हे. त्या जखमींचं पाणी, त्या रांगा, ज्या आता तिच्याशिवाय कोणाला आठवत नव्हत्या, त्याही.

आणि गप्प राहिली तर काही करायचीच गरज नव्हती. दुधाची शंका आली की दूर व्हावं, हा रिवाज. जुमाना आणि हब्बान आपोआप तुटले असते.

जुमानानं पुढे आपल्या मुलींना सांगितलेलं

मंगळवारी संध्याकाळी आजी जव निवडत होती. जुमाना समोर येऊन बसली आणि खडे वेचू लागली.

"आजी, तुला आठवत नाही असं आई म्हणते."

हुनैदानं सूप पाखडलं.

"मी म्हटलं, आजीला अठरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा कोणत्या अंगावर वळले ते आठवतं. तिला हे आठवत नाही?"

"डाव्या."

"बघ!" जुमानानं हातातले खडे टाकून दिले. "म्हणजे आठवतंय. म्हणजे तो हब्बानच आहे आणि तू मला सांगत नाहीयेस."

"तसं नाही."

"मग हय्यान?"

हुनैदा जव निवडत राहिली. जुमाना लहानपणापासून या अंगणात बसली होती. आजीच्या गप्प राहण्यातला फरक तिला कळे. ती हळूहळू म्हणाली, "हय्यानच आहे. आणि तू बोलणार नाहीस. कारण मी तुझी नात आहे."

"पोरी, मी तुझी नसते तर सोमवारीच बोलले असते."

"म्हणजे परक्या बाईची मुलगी असते तर माझं लग्न झालं असतं!" जुमाना हसली. "खोटं बोल असं मी म्हणत नाही आजी. खोटं बोललीस तर मीच नको म्हणेन. खरं बोलायला काय जातं?"

"फार जातं."

"मग राहू दे." ती उठली. दारात थांबून म्हणाली, "हब्बाननं निरोप धाडलाय. विचारतो, नवरा म्हणून नाही तर नाही, मामा म्हणून तरी घरी जेवायला येऊ का."

हुनैदाला हसू आलं. जुमानाला आलं नाही.

लुबाबानं सांगितलेलं. हुनैदानं ते कधी नाकारलं नाही.

बुधवारी सकाळी हुनैदा चादर गुंडाळून काळ्या दगडांच्या माळाकडे निघाली. लुबाबाचं घर तिथे, शेवटच्या विहिरीपाशी. पंधरा वर्षांत ती इकडे फिरकली नव्हती. लुबाबाला आता दिसत नव्हतं. ती उन्हात बसून शेळीचं दूध घुसळत होती.

"कोण?"

"मी."

लुबाबाचा हात थांबला नाही. "'मी' नावाच्या पुष्कळ बाया आहेत. 'पाहिलं' की 'ऐकलं' ते आधी सांग."

"हुनैदा."

"आवाजानं ओळखलंय गं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." तिनं बाजूची चटई थोपटली. "बस. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आता बाब्याची पाळी आली म्हणून आलीस होय?"

"तुला कळलं?"

"आंधळी झालेय. बहिरी नाही. सगळी मदिना मामा-मामा करून हसतेय."

हुनैदा बसली. मग तिनं दातांची गोष्ट सांगितली. चावा, शेजारीण, तूप, सगळं. सांगून झाल्यावर म्हणाली, "तू काझी असतीस तर माझं ऐकलं असतंस?"

"मी काझी नाही. मी पाण्याची पाळी गेलेली बाई आहे." लुबाबानं घुसळण थांबवली. "माझ्या पोराचा मळा तीन वर्षांत वाळला. तो बसऱ्याला गेला. तिकडे एका काझीसमोर कसलासा तंटा होता, तर काझीनं त्याला एक वाक्य सुनावलं. भाकरी आणि आच. पोरानं मला निरोप पाठवला, आई, तुझ्या मैत्रिणीचा हात फार लांब आहे."

हुनैदानं चटईची सुटलेली काडी मोडली.

"एक विचारू?" लुबाबा म्हणाली. "तेव्हा मी खोटं बोलतेय असं तुला वाटलं होतं?"

हुनैदाला "माहीत नाही" म्हणता आलं असतं. तिची जीभ त्या शब्दाला सरावलेली होती.

"नाही," ती म्हणाली. "तू खरं बोलत होतीस. मला माहीत होतं."

"मग?"

"तू माझी मैत्रीण होतीस. लोक म्हणाले असते, हुनैदा मैत्रिणीची बाजू घेते."

"म्हणजे तुला माझी साक्ष खोटी वाटली नाही. तुला स्वतःची भीती वाटली." लुबाबानं लोण्याचा गोळा काढला, बोटांनी चाचपून वाडग्यात ठेवला. "मग आता पोरीलाही घालव. निदान एकसारखी तरी राहशील. घे, लोणी घे. भाकरी आहे कोपऱ्यात, आचेवर भाजलेली."

हुनैदानं भाकरी घेतली आणि खाल्ली. दोघी दुपारपर्यंत बसल्या. पुढे काय बोलल्या ते लुबाबानं कोणाला सांगितलं नाही.

सगळ्यांसमोर घडलेलं. शब्दांत फरक आहे.

गुरुवारी अंगण भरलं. काझीही आला होता, पलीकडे, सालिमच्या शेजारी.

अरवा सांगायची की आईनं आधी नातीचं सांगितलं. उबैद शपथेवर सांगायचा की आधी लुबाबाचं. उबैदचं खरं असावं, कारण ते ऐकून सालिम मधेच ओरडला होता, "वाकिदच्या आई, पाण्याचं राहू द्या हो, आधी दुधाचं बोला!"

हुनैदा म्हणाली, "पंधरा वर्षांपूर्वी लुबाबानं पाण्याच्या पाळीची हकिकत सांगितली. ती खरी आहे असं मी तेव्हाही मानत होते. तिच्या तोंडून ऐकलेल्या अकरा गोष्टी मला पाठ आहेत. त्या मी दाबून ठेवल्या. उद्यापासून एकेक सांगेन, तिच्या नावानं."

मग म्हणाली, "सालिमच्या घरून माझ्याकडे एकच पोर आलं. त्याला चार दात होते, आणि तो मला चावला. दात असलेला हय्यान. हब्बान तेव्हा दोन महिन्यांचा होता. हे मी ऐकलेलं नाही. पाहिलं. पाहिलं कसलं, सोसलं."

बायका हसल्या. पलीकडेही कोणीतरी हसलं, आणि काझीनं खाकरल्यावर गप्प झालं.

"आणखी एक," हुनैदा म्हणाली. "मी नवरीची आजी आहे. हे लग्न व्हावं असं मला वाटतं. भाकरीचं आणि आचेचं वाक्य माझंच. ते मी परत घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, ते माझ्याहून लांब गेलंय. तेव्हा माझ्या या बोलण्याचं वजन किती धरायचं ते तुम्ही ठरवा. आणि आधीच्या बोलण्याचंही."

काझीनं दाढी कुरवाळली. मग त्यानं विचारलं, "दुधाची साक्ष पाजणारीनं नाही द्यायची तर कोणी द्यायची? पिणाऱ्यानं?" आणि लग्नाला आपली हरकत नाही म्हणून सांगितलं.

शुक्रवारी लग्न झालं. बायकोची आजी म्हणजे आईच, म्हणून निकाहानंतर हब्बान पहिल्यांदा पडद्याअलीकडे आला आणि उंबऱ्याशीच अडखळला. हुनैदानं त्याला जवळ बोलावलं, त्याचा चेहरा नीट पाहिला आणि म्हणाली, "दात दाखव बघू." तो इतका लाजला की वऱ्हाडातल्या बाया आठवडाभर तेच सांगत होत्या.

शनिवारी पडद्यापलीकडे पाच माणसं होती. आधीच्या शनिवारी एकवीस होती.

दुकैननं कूफ्याला नेलेलं

दुकैन त्या पाचांत होता, पण त्यानं बोरू काढला नव्हता. बाकीचे गेल्यावर तो घुटमळला.

"वाकिदच्या आई, एक विचारू? राग मानू नका."

"राग मानायचं वय गेलं. विचार."

"सत्तावीस हकिकती मी लग्नाआधी लिहिल्या. तेरा उरल्यात. कूफ्याचे लोक मला विचारणार, या बाईनं नातीसाठी साक्ष दिली ती आधी की नंतर? मी काय सांगू?"

"जे आहे ते. सत्तावीस आधी. तेरा नंतर."

"ते नंतरच्या घेणार नाहीत. काही जण आधीच्याही घेणार नाहीत." तो अवघडून म्हणाला, "मी वेगळ्या गुंडाळीत लिहिल्या तर चालेल? नंतरच्या वेगळ्या?"

अलीकडे जुमाना होती, माहेरी आलेली. ती आजीच्या चेहऱ्याकडे पाहत होती. आजीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नुसती दमणूक होती, दिवसभर दळल्यावर असते तशी.

"वेगळ्याच लिही," हुनैदा म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर तेच केलं असतं."

"पण मला तुमचा संशय नाही, आई."

"नसेल. लोकांना येईल, तो तू त्यांच्यापासून लपवू नकोस. मी संशयाला भिऊन खरं लपवलं आणि एका घराचा मळा वाळला."

दुकैननं कोरं चामडं मांडीवर पसरलं. त्याच्या वर एका ओळीत त्यानं त्या दिवसाची तारीख लिहिली आणि खाली जागा सोडली.

"सांगा," तो म्हणाला.

"लिही," हुनैदा म्हणाली. "लुबाबानं मला सांगितलं..."

"ऐकलेलं? तुम्ही पाहिलेलं आधी नको?"

"ते माझ्याजवळ आहे, कुठं जात नाही. लुबाबा म्हातारी झाली आहे. तिचं आधी." आणि तिनं पुन्हा सुरुवात केली, सावकाश, लिहिणाऱ्याला पुरे पडावं अशी. "लुबाबानं मला सांगितलं की ज्या दिवशी जखमी आणले त्या दिवशी विहिरीवर दोर एकच होता. बायकांनी आपापल्या ओढण्या एकमेकींना बांधल्या..."